तांब्याची डेचकी आणि पितळी डाव : प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

कागल तालुक्यातील आमच्या आक्काच्या घरी आजीच्या वेळची तांब्याची डेचकी होती. तिचे बूड इतके झिजले होते की मागच्या दिवाळीत त्याला बारीक भोक पडले. डाख देऊन ती पुन्हा वापरात आणता येईल का, हे मी पाहिले. परंतु भोकाभोवतीचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जात होता, आणि बाजारातील डाखात बहुधा शिसे असल्यामुळे रोजच्या अन्नाच्या भांड्याला तो लावणे मला पटले नाही. म्हणून त्याच मापाची नवी डेचकी हाताने घडवावी आणि तिच्या जोडीला एक पितळी डाव करावा, असे ठरवले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पंचवीस वर्षे काम केल्यामुळे धातूचा हात मला आहे, पण तो कापून काढण्याचा आहे; धातू न कापता ठोकून त्याला आकार देण्याचे काम मी आजवर केलेले नाही. आमच्या गल्लीपलीकडे राहणाऱ्या एका वयस्कर तांबटांनी, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, रविवारी येऊन बसण्याचे कबूल केले आहे.

डेचकी तांब्याचीच का, याचे कारण आक्काच्या स्वयंपाकात आहे. तांब्यातून उष्णता पितळेच्या तिपटीहून अधिक आणि स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट सहजतेने वाहते. त्यामुळे चुलीची किंवा गॅसची आच बुडाच्या एका जागी साचून न राहता सगळ्या भांड्यात पसरते, आणि नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा बुडाला लागत नाही किंवा एका बाजूने उकळून फुटत नाही. आक्का हे आकड्यांवाचून जाणते; स्टीलच्या पातेल्यात तिचा रस्सा दोनदा फुटला, तेव्हाच तिने मला फोन केला होता.

१९ जानेवारी

जुन्या डेचकीची मापे घेतली. व्यास १८ सेंटिमीटर आणि उंची १२ सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ साधारण तीन लिटर. सांधा नसलेले भांडे एका चकतीतून उठवायचे असल्यामुळे चकती केवढी कापायची हा पहिला प्रश्न होता. पत्र्याची जाडी शेवटपर्यंत तीच राहील असे धरले, तर बूड आणि बाजू यांचे एकत्रित क्षेत्रफळ चकतीच्या क्षेत्रफळाइतके असते. व्यासाचा वर्ग घ्यावा, त्यात व्यास आणि उंची यांच्या गुणाकाराची चौपट मिळवावी आणि बेरजेचे वर्गमूळ काढावे. ३२४ अधिक ८६४ म्हणजे ११८८, आणि त्याचे वर्गमूळ ३४.५ सेंटिमीटर. काठ छाटण्यासाठी थोडे जास्त धरून ३५ सेंटिमीटर व्यास नक्की केला. आण्णांनी जुन्या डेचकीला बाहेरून सुतळी लावली, एका काठापासून बुडावरून दुसऱ्या काठापर्यंत ती मोजली, त्यातून चार बोटे कमी केली आणि उरलेली सुतळी जमिनीवर ठेवली. ती ३५ सेंटिमीटरला अगदी थोडी कमी भरली.

शाहूपुरीतून १८ गेजचा, म्हणजे १.२२ मिलिमीटर जाडीचा, ३६ सेंटिमीटरचा चौकोनी तांब्याचा पत्रा आणला. त्याचे वजन १ किलो ४१० ग्रॅम भरले. कैवाराने वर्तुळ आखून कात्रीने चकती कापली आणि कापलेली कड कानशीने गुळगुळीत केली. कडेवर कात्रीचा एकही दाता शिल्लक ठेवू नये, असे आण्णांनी निक्षून सांगितले.

२६ जानेवारी

आज पहिली आच आणि पहिले ठोके. गॅसच्या टॉर्चने चकती तापवण्याचा प्रयत्न फसला, कारण ज्या गुणासाठी आपण तांबे घेतो तोच गुण येथे आड येतो : एका जागी दिलेली उष्णता तांबे लगेच चहूकडे वाटून टाकते आणि चकती लाल होतच नाही. शेवटी लोणारी कोळशाची भट्टी पेटवून तिच्यावर चकती आडवी ठेवली. शेडचे दार लोटून घेतले, कारण उजेडात तांब्याचा मंद लाल रंग दिसत नाही आणि तो दिसेपर्यंत तापवत राहिलो तर तांबे गरजेपेक्षा फार पुढे जाते. अंधारात चकतीच्या कडेला किंचित लालसर छटा आली, ती फिरत मध्यापर्यंत पोहोचली, आणि त्याच क्षणी चकती पाण्यात सोडली. पोलाद असे विझवले तर कडक होते. तांबे मऊच राहते. आधी दोन्ही हातांनी दाबून न वाकणारी चकती आता स्वतःच्या वजनाने लवत होती.

पाण्यात काळी पापुद्र्यांसारखी खपली निघाली आणि तिच्याखाली वीटकरी लाल थर राहिला. तो काढण्यासाठी मी सौम्य केलेले गंधकाम्ल वापरतो : नऊ भाग पाण्यात एक भाग आम्ल, आणि ओतायचे ते नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीही नाही. आण्णा चिंच आणि मीठच वापरतात. त्याला वेळ लागतो, पण त्यांच्या पद्धतीत घरातील लहान मुलांचा धोका नसतो, हे मला मान्य आहे.

त्यानंतर बाभळीच्या ओंडक्यात कोरलेल्या खोलग्यावर चकती ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने कडेपासून आत फिरत ठोकले. चकतीची उथळ थाळी झाली आणि तिच्या कडेला चुण्या पडल्या. प्रत्येक चुणी लहान असतानाच मोगरीने बसवावी लागते. ती दुमडून एकमेकींवर चढली तर पुढे तेथेच पत्रा फाटतो.

२ फेब्रुवारी

बाजू उठवण्यास प्रारंभ केला. थाळी आतून लोखंडी दांड्याच्या गोल डोक्यावर तिरपी टेकवायची आणि ज्या जागी ती दांड्याला टेकलेली आहे त्याच्या अंगठाभर वर, जेथे आत पोकळी आहे, तेथे बाहेरून ठोका द्यायचा. त्या ठोक्याने पत्रा आत दबतो, वर्तुळ लहान होते आणि बाजू एक कणभर उभी राहते. बुडाच्या रेषेपासून सुरुवात करून वर्तुळे घेत काठापर्यंत पोहोचले की एक फेरा पूर्ण होतो. पहिल्या फेऱ्याला मला पावणेदोन तास लागले.

फेरा संपत आला तसा हातोडीचा आवाज बदलत गेला. सुरुवातीला पत्रा ठोका गिळत होता. काठाजवळ येईपर्यंत हातोडी उसळून परत येऊ लागली आणि मनगटाला झिणझिण्या आल्या. मी आणखी एक वर्तुळ घेणार होतो, तेव्हा आण्णांनी हात धरला. "बास करा आता. पत्रा दमलाय बगा. त्याला आगीत घाला."

पत्रा दमतो म्हणजे काय होते, ते मला यंत्रशाळेच्या भाषेत ठाऊक होते. धातूच्या कणांतील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून तो वाकतो. ठोकत गेले की त्या घसरणाऱ्या जागा एकमेकींत अडकतात, पुढची घसरण अवघड होते आणि धातू कडक पण ठिसूळ होत जातो. मंद लाल होईपर्यंत तापवले की गुंतलेल्या कणांच्या जागी नवे, ताणरहित कण तयार होतात. तरीही कोणत्या ठोक्याला थांबायचे, हे मला आण्णांच्या कानाकडूनच शिकावे लागणार आहे.

९ फेब्रुवारी

आज तेच चुकले. आण्णा एका लग्नाला गेले होते. चौथा फेरा झाल्यावर भट्टी पुन्हा पेटवण्याचा कंटाळा करून मी तसाच पाचवा सुरू केला, आणि काठाजवळच्या शेवटच्या वर्तुळात एका ठोक्याला कोरडा, फुटका आवाज आला. काठापासून खाली ८ मिलिमीटर तडा गेला होता. तो नेमका अशा जागी होता, जेथे पहिल्या दिवशी एक चुणी मी पूर्ण बसवली नव्हती.

तडा आणखी खाली उतरू नये म्हणून त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडले, भांडे तापवून मऊ केले आणि उरलेले फेरे काठ सोडून घेण्याचे ठरवले. शेवटी काठ तेवढा छाटावा लागेल आणि डेचकीची उंची १२ सेंटिमीटर भरणार नाही. आक्काला आज रात्रीच तसे कळवले.

२ मार्च

एकूण आठ फेरे आणि तितक्याच आचा झाल्या. बाजू उभ्या राहिल्या. तडा गेलेला पट्टा छाटल्यावर उंची ११.४ सेंटिमीटर आणि वजन ९८० ग्रॅम राहिले. पाणी भरून मोजले, तेव्हा काठोकाठ २.९ लिटर बसले. व्हर्नियरने बुडाशी पत्रा १.२ मिलिमीटर आणि काठाशी १.३ मिलिमीटर निघाला. उठवण्याच्या कामात काठाचे वर्तुळ आक्रसत जाते आणि तेथील धातू दाट होतो, त्यामुळे काठ आपोआप भक्कम येतो. खोलग्यात ताणून केलेल्या भांड्यात याच्या उलट होते आणि नेमका झिजणारा भाग पातळ पडतो.

१६ मार्च

मठारण्याचे काम दोन रविवार चालले. या संपूर्ण प्रकल्पात मला सर्वांत जास्त समाधान याच कामाने दिले.

भांडे उभे राहते तेव्हा ते आकाराने बरोबर असले तरी अंगाने खडबडीत असते. प्रत्येक फेऱ्याच्या हातोडीचे वेडेवाकडे घाव त्यावर असतात. मठारताना भांडे दांड्यावर असे धरायचे की आतून पत्रा दांड्याला पूर्ण टेकलेला असेल, आणि चापट, आरशासारख्या गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने हलके, एकसारखे ठोके द्यायचे. हातोडी आणि दांडा यांच्यामध्ये पत्रा चेपला जातो आणि तेथे चकचकीत टिकलीएवढा सपाट ठसा उमटतो. पुढचा ठोका आधीच्या ठशावर निम्मा चढवायचा. पत्रा टेकलेला आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळते : टेकलेला असेल तर आवाज भरीव आणि स्वच्छ येतो, मध्ये फट असेल तर पोकळ येतो. पोकळ आवाज आला की ठोका थांबवून भांडे केसभर फिरवायचे.

पहिल्या दिवशी अर्धे वर्तुळ झाल्यावर मी भांडे खिडकीपाशी नेले, तेव्हा प्रत्येक ठशात डाव्या अंगाला नखाच्या कोरीएवढी एक बारीक रेघ दिसली. पन्नाससाठ ठसे आणि प्रत्येकात तीच रेघ, त्याच कलाने. हातोडीचे तोंड भिंगाखाली पाहिले तर त्यावर एक ओरखडा होता, जो नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसत नव्हता. हातोडीवर जे असते, ते ती भांड्यावर प्रत्येक वेळी लिहिते. तोंड २२०, मग ४००, मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासले, शेवटी कापडी चाकावर चमकवले आणि तेवढा भाग पुन्हा मठारला. तेव्हापासून हातोडी वापरून झाली की तोंडाला तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि तिने दुसरे काहीही ठोकत नाही.

ठसे साधारण ५ मिलिमीटर अंतरावर पडतात. १८ सेंटिमीटर व्यासाच्या एका वर्तुळात ते ११३ बसतात आणि ११.४ सेंटिमीटर उंचीत अशी २३ वर्तुळे होतात. म्हणजे बाजूंसाठीच सुमारे २६०० ठोके लागले. मठारलेले भांडे देखणे दिसते हे खरेच, परंतु त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. शेवटच्या आचेनंतर मऊ पडलेला पत्रा या ठोक्यांनी पुन्हा ताठ होतो, आणि रस्साभरली डेचकी कानाला धरून उचलली तरी तिचा काठ वाकत नाही. म्हणूनच मठारल्यानंतर भांड्याला लाल आच कधीही द्यायची नसते.

२३ मार्च

डावासाठी १६ गेजचा पितळी पत्रा आणला होता. दुकानदाराने ठोकण्याचे पितळ म्हणून दिला. घरी आल्यावर बोटभर रुंदीची पट्टी कापून ती पक्कडमध्ये धरून वाकवली, तर काटकोन होण्याआधीच ती मोडली. तापवून मऊ केल्यावरही तसेच झाले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असेल तर ते थंडपणी भरपूर ठोकून घेते. जस्त ४० भागांपर्यंत गेले की त्यात एक वेगळा, कडक स्वरूपाचा घटक तयार होतो आणि असे पितळ गरम करून घडवायला किंवा लेथवर कापायला ठीक असते, थंडपणी खोल ठोकण्यास मात्र चालत नाही. लेथवर छान भुगा पडावा म्हणून काही पितळात शिसेही घातलेले असते. अन्नाच्या भांड्यासाठी ते घ्यायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. पत्रा परत केला आणि दुसरीकडून ७०-३० चा लिहून घेतलेला पत्रा आणला. त्याची पट्टी पूर्ण दुमडून चापट केली तरी बाहेरच्या अंगाला चीर दिसली नाही. येथून पुढे पट्टी वाकवून पाहिल्याशिवाय पितळ घ्यायचे नाही.

६ एप्रिल

डाव तयार झाला. पाडव्याला आक्काकडे न्यायचा होता, तो मुहूर्त हुकला.

डावाचे पान आणि दांडा एकाच पत्र्यातून कापले, म्हणजे मध्ये सांधा किंवा रिव्हेट येत नाही आणि खरकटे अडकायला जागा राहत नाही. पान ११ सेंटिमीटरचे, खोलगट. त्याला जोडून लांब शेपूट. नुसते शेपूट दांडा म्हणून लवचीक झाले असते, म्हणून त्याच्या दोन्ही कडा ठोकून उभ्या केल्या आणि त्याची पन्हळ केली. ही पन्हळ पानाला जेथे मिळते, त्या मानेपाशी ती जास्तीत जास्त ताठ असावी म्हणून शेवटचे ठोके तेथे थंडपणी आणि बऱ्यापैकी जोराने दिले. मान आता हाताने तसूभरही वाकत नाही.

पितळाला आच देताना दोन गोष्टी सांभाळल्या. लाल असताना ते ठोकायचे नाही, कारण त्या अवस्थेत ते सहज तडकते. आणि ते पाण्यात न विझवता हवेतच निवू द्यायचे. शिवाय तांब्यासाठी वापरलेल्या आम्लात लोखंडी चिमटा बुडवला तर आम्लात विरघळलेले तांबे बाहेर येऊन पितळावर गुलाबी थर बसतो, म्हणून चिमटा पितळीच वापरला.

आण्णांनी डाव हातात घेऊन मानेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पितळ रागीट असतं. शेवटी त्याला जरा ऊब द्या, मग ते गप ऱ्हातं." ते कोळशाच्या राखेत भांडे तासभर पुरून ठेवतात. मला वाटले की आच दिली तर एवढ्या मेहनतीने आणलेला ताठपणा जाईल, म्हणून मी तसे केले नाही.

१३ एप्रिल

आज कल्हई. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत चिंच, कोकम, टोमॅटो किंवा ताक पडले की धातू अन्नात उतरतो आणि अन्न कळकते. असे कळकलेले अन्न खाल्ले तर मळमळ आणि उलट्या होतात. पाणी साठवण्याच्या हंड्याला कल्हई लागत नाही, पण ज्यात शिजवायचे त्याला ती हवीच.

आधी कानांचे काम पुरे केले. पितळी कड्या आणि त्यांना धरणारे तांब्याचे तुकडे सुंब्याने पाडलेल्या भोकांत तांब्याचे रिव्हेट घालून आतून चापट बसवले. रिव्हेटाभोवतीची सूक्ष्म फट कल्हईने बुजते, म्हणून कान नेहमी कल्हईच्या आधी बसवतात.

कथील विकत घेताना मी सर्वांत जास्त वेळ घालवला. कल्हईच्या नावाखाली शिसे मिसळलेले कथील स्वस्तात मिळते, आणि आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही, हे लक्षात घेतले तर अन्नाच्या भांड्यात ते किती घातक आहे हे कळते. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून करकर असा आवाज येतो; शिसे मिसळलेली कांडी मुकी वाकते. शिवाय शिसेमिश्रित कांडी कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. दोन्ही परीक्षांनंतर थोडा तुकडा वितळवून तापमान घेतले. तो २३२ अंश सेल्सिअसला वितळला, जो शुद्ध कथलाचा बिंदू आहे. शिसे असते तर तो १८३ अंशांपासूनच मऊ पडू लागला असता.

डेचकी आतून वाळू आणि चिंचेने घासून, आम्लाने धुऊन, गुलाबी होईपर्यंत स्वच्छ केली. भट्टीवर फिरवत तापवली आणि चिमूटभर नवसागर टाकला. पांढरा धूर उसळला, पत्र्यावरचा काळसर थर जागच्या जागी निघून गेला आणि त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवली. कथील थेंबासारखे गोळा झाले. मग आण्णांनी कापसाच्या बोळ्याने ते एका फटकाऱ्यात पसरवले आणि तांब्याचा तांबूस रंग हाताच्या मागोमाग चंदेरी होत गेला. हे पाहताना मी क्षणभर भाता मारायचा विसरलो. संपूर्ण आतल्या अंगाला आठ मिनिटे लागली. आधी आणि नंतर कांडी तोलली, तर २५ ग्रॅम कथील लागले होते. ते सगळे ९०० चौरस सेंटिमीटरवर सारखे बसले असे धरले तरी थराची जाडी ०.०४ मिलिमीटरच्या आत येते.

मागच्या महिन्यात टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या प्राचीन कांस्यवस्तू पुन्हा पाहून आलो होतो, त्याची या वेळी आठवण झाली. कांस्यातही तांबे आणि कथील हेच दोन धातू असतात. तेथे ते वितळून एकजीव झालेले असतात; कल्हईत ते एकावर एक राहतात आणि सांध्याच्या अगदी पातळ पट्ट्यात मात्र एकमेकांत शिरतात, म्हणून कल्हई रंगासारखी सोलून निघत नाही.

डेचकीनंतर त्याच भट्टीवर डावाच्या पानालाही कल्हई केली. मान सांडशीत ओल्या फडक्यासह धरली होती.

२० एप्रिल

दोन्ही भांडी आक्काकडे पोहोचवली. तिला तीन गोष्टी सांगितल्या : डेचकी रिकामी असताना आचेवर ठेवायची नाही, फोडणी तिच्यात न करता लोखंडी पळीत करून वरून ओतायची, कारण कडकडीत तापलेले तेल कथलाच्या वितळबिंदूच्या जवळ जाते, आणि आतून तारेच्या घासणीने घासायचे नाही. आक्काने डाव लगेच चुलीमागच्या खिळ्याला टांगला. त्या भिंतीपलीकडे गोठा आहे.

२९ जून

आक्काचा फोन आला. "अरे, डावाला केस गेलाय बघ. मी कुठं आपटला नाही की काही नाही."

आज जाऊन पाहिले. मानेपाशी पन्हळीच्या आतून सुरू होऊन दांड्याच्या दिशेने ३ सेंटिमीटर लांब, सरळ तडा होता. आपटल्याची खूण, वाक किंवा चेप कोठेही नव्हते. पन्हळीच्या कोपऱ्यात निळसर हिरवा डाग होता. कल्हई केलेले पान मात्र भिंगाखालीही अखंड होते. डाव खिळ्याला टांगलेला असतानाच कधीतरी तडकला होता.

हा दोष धातुशास्त्रात जुना आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवून ठेवलेली असताना आपोआप चिरत. पावसाळा संपल्यावर ती बाहेर काढली की निरुपयोगी झालेली सापडत. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे त्याला ऋतुतड अशा अर्थाचे नाव पडले. १९२१ मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध झाले : थंडपणी ओढलेल्या पितळात अडकून राहिलेला ताण आणि जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, ही दोन कारणे ओलसर हवेत एकत्र आली की पितळ कणांच्या सीमांवरून चिरत जाते. एक कारण काढून टाकले तर तडा जात नाही.

आमच्या डावाला दोन्ही कारणे मिळाली होती. ताण मीच मानेत ठोकून भरला होता. अमोनिया गोठ्याच्या भिंतीकडून येत होता, आणि त्याहून जवळचे म्हणजे कल्हईचा नवसागर, जो स्वतःच अमोनियाचा क्षार आहे, पन्हळीच्या कोपऱ्यात राहून गेला होता. पावसाळी हवेतील ओल त्याने ओढून घेतली. पान वाचले याचेही उत्तर तेथेच आहे. कल्हई करताना पान २३२ अंशांच्या वर तापले आणि त्यातला ताण उतरला. मान ओल्या फडक्यात थंड राहिली.

माझी चूक अशी की ताठपणा आणि ताण या दोन गोष्टी मी एक समजलो. ठोकल्याने दोन्ही येतात, पण दोन्ही एकाच आचेला जात नाहीत. लाल आच दिली तर दोन्ही जातात. परंतु २५० ते ३०० अंशांच्या आचेत तासभर ठेवले तर कणांची गुंतागुंत, म्हणजेच ताठपणा, जवळपास तसाच राहतो आणि एका भागाची दुसऱ्या भागाशी चाललेली ओढाताण तेवढी सैल होते. आण्णांच्या राखेतली ऊब नेमकी हीच होती. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन तुटका डाव त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मानेवर पुन्हा अंगठा फिरवला आणि दुसरा पत्रा कधी आणणार, एवढेच विचारले.

६ जुलै

दुसरा डाव करण्याआधी एक परीक्षा घेतली. त्याच पितळाचे दोन तुकडे कापून दोघांचीही सारखीच पन्हळ थंडपणी ठोकली. एक तुकडा घरच्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर एक तास ठेवून आतच निवू दिला, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही तुकड्यांवर खुणेचे आकडे ठोकले, ते काचेच्या मोठ्या बरणीत दोऱ्याने टांगले, बरणीच्या तळाशी अमोनियाचे पाणी ठेवले आणि झाकण लावून बरणी शेडबाहेरच्या पत्र्याखाली चोवीस तास ठेवली. काढल्यावर दोन्ही निळेकाळे झाले होते. आम्लात स्वच्छ करून भिंगाखाली पाहिले : ऊब न दिलेल्या तुकड्यात पन्हळीच्या आतल्या कोपऱ्यात दोन तडे, त्यातला एक आरपार. ऊब दिलेल्या तुकड्यात एकही नाही. दोन्ही तुकड्यांवर कानशीचे टोक ओढून पाहिले, तर ते जवळपास सारखेच कडक लागले.

नवा डाव त्याच मापाचा केला. या वेळी आधी ऊब आणि मग कल्हई असा क्रम ठेवला. कल्हईनंतर पन्हळीत गरम पाणी ओतून, खाण्याच्या सोड्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने कोपरा न् कोपरा धुतला आणि चुलीजवळ पूर्ण वाळवला.

२४ ऑगस्ट

नवा डाव आक्काने मुद्दाम त्याच खिळ्याला टांगला आहे. सात आठवडे झाले आणि मधल्या काळात पाऊस जवळजवळ रोज होता. आज दहापट भिंगाने मान, पन्हळ आणि पानाची कड तपासली. तडा नाही, निळा डाग नाही. पन्हळीत किंचित काळसरपणा आहे, तो चिंचेने निघाला.

डेचकीत आजवर रस्सा, आमटी आणि दोनदा खीर झाली आहे. बुडाच्या मध्यभागी, जेथे ढवळताना डाव सारखा फिरतो, तेथे दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागी कल्हई विरळ होऊन तांब्याची लाली डोकावू लागली आहे. कथील पितळापेक्षा बरेच मऊ असल्याने डावाची कड तेथे ते खरवडत असावी. डावाची कड आणखी गोल करण्यासाठी तो आज सोबत आणला आहे. डेचकीला गौरी-गणपतीनंतर पुन्हा कल्हई करावी लागेल. तोपर्यंत तिच्यात आंबट शिजवू नये, असे आक्काला सांगितले आणि तिने लाकडी डाव काढून घेतला.